गर्भ गळल्यावर वारेचा तुकडा काय सांगतो

नमस्कार श्रोतेहो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गळला, क्युरेटिंग झालं आणि बायोप्सीचा रिपोर्ट हाती आला, की म्हापसा असो वा मडगाव, घरात एकच प्रश्न: कशामुळे झालं? रिपोर्टात त्याचं उत्तर बहुधा नसतं.

या दिवसांत वार म्हणजे बारीक फांद्यांचे कोंब, कोरिऑनिक व्हिलाय. सलाईनमध्ये टाकले तर शेवाळासारखे पसरतात. गर्भाचं हृदय थांबलं की त्यांतल्या रक्तवाहिन्या मिटत जातात. काही कोंब पाणी धरून फुगतात, काही आतून घट्ट होतात. 'हायड्रोपिक चेंज', 'स्ट्रोमल फायब्रोसिस' हे शब्द बहुतेक वेळा त्याबद्दलच असतात. गर्भ गेल्यानंतरचे हे बदल. पपईला किंवा स्कूटरच्या धक्क्यांना दोष देणाऱ्यांना त्यात आधार सापडणार नाही; एवढ्या लवकर गळणाऱ्या निम्म्या किंवा त्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो.

दोन गोष्टींवर मात्र लगेच डॉक्टरांकडे जावं. 'फक्त डेसिड्युआ, व्हिलाय नाहीत' असं लिहिलं असेल, म्हणजे गर्भारपणातलं गर्भाशयाचं अस्तर सापडलं पण कोंब नाहीत, तर गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असण्याची शक्यता तपासायला हवी. पोटात दुखत असेल तर त्याच दिवशी. दुसरी, द्राक्षगर्भाची शंका, म्हणजे कोंब द्राक्षांच्या घोसासारखे फुगून वाढलेली सदोष गर्भधारणा. नुसते फुगलेले कोंब आणि द्राक्षगर्भ यांत गल्लत होते. पी५७ या डागतपासणीत पूर्ण द्राक्षगर्भाच्या कोंबांवर रंग चढत नाही. अर्धवट द्राक्षगर्भ आणि साधी सूज, दोन्हींत तो चढतो, म्हणून तिथे डीएनए तपासणीच लागते. द्राक्षगर्भ ठरला, की रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गर्भारपणातलं संप्रेरक, सामान्य होईपर्यंत दर आठवड्याला पाहतात, आणि डॉक्टर सांगेपर्यंत पुढची गर्भधारणा टाळायची.

आता डबीचं. बायोप्सीसाठी तुकडा टिकवणारं दहा टक्क्यांचं फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट. डबी गच्च भरली तर मधला भाग कुजतो. पेशी वाढवून गुणसूत्रं पाहायची असतील तर फॉर्मॅलिन चालतच नाही, निर्जंतुक सलाईन लागतं. म्हणून ते क्युरेटिंगच्या आधीच ठरवून घ्या. घरीच तुकडा पडला, तर स्वच्छ कोरड्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी पोचवा. नळाच्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, फ्रीझरमध्ये बर्फाने फाटतात.

गुणसूत्रांचा निकाल '४६ एक्सएक्स', म्हणजे सामान्य मुलगी, असा आला तर एक विचारून घ्या: कोंब डेसिड्युआपासून वेगळे काढले होते ना? नाहीतर ती आईचीच गुणसूत्रं असू शकतात.

गर्भ पुन्हा पुन्हा गळत असेल तर जुने पॅराफिन ब्लॉक, म्हणजे तुकडे जपून ठेवलेल्या मेणाच्या वड्या, मागवून परत पाहता येतात. इंटरव्हिलोसायटिस, म्हणजे कोंबांमधल्या जागेत आईच्या पांढऱ्या पेशींची गर्दी, ही दुर्मिळ पण पुढच्या खेपेलाही उलटणारी गोष्ट पहिल्या वाचनात निसटू शकते.