यंत्रमानव की वेठबिगार?

मित्रहो, ‘रोबॉट’ला आपण ‘यंत्रमानव’ म्हणतो. शब्द छान रुळलाय. पण त्या शब्दाने एक गोष्ट आपल्यापासून झाकून ठेवली आहे, आणि मला आज तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिलं. कारखान्यात तयार होणाऱ्या कामगारांना नाव काय द्यावं, हे त्याला सुचेना. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार होता. तोंडात कुंचला धरून तो चित्र रंगवत होता आणि तशातच पुटपुटला, त्यांना रोबोट म्हण. हा शब्द आला ‘रोबोता’वरून. रोबोता म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर सक्तीने राबणं. बोहेमियात ती पद्धत १८४८मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिला अगदी नेमका शब्द आहे, वेठ. आपला वेठबिगारी संपवणारा कायदा तर १९७६चा, म्हणजे या सभागृहातल्या अनेकांच्या हयातीतला.

आता ‘यंत्रमानव’ऐवजी ‘वेठबिगार’ म्हणून बघा. विज्ञानकथेतला सगळा प्रश्नच बदलतो.

चापेकचे रोबोट लोखंडाचे नाहीतच. पिंपांत कालवलेल्या कृत्रिम द्रव्याचे त्यांचे अवयव, आणि सूत कातावं तशा कातलेल्या नसा. हेलेना नावाची तरुणी त्यांच्या हक्कांसाठी बेटावरच्या कारखान्यात येते, तेव्हा समोरची सुला रोबोट आहे यावर तिचा विश्वासच बसत नाही. व्यवस्थापक दोमिन सहज म्हणतो, हिला फाडून दाखवू का? हेलेना हादरते. दोमिनला त्यात वावगं काहीच दिसत नाही.

पुढचा प्रवेश मी कितीदा वाचला असेन, पण दर वेळी तिथे थांबतो. डॉक्टर गाल सांगतो की रोबोटांना वेदना होतील अशी सोय तो करतो आहे. का? तर औद्योगिक कारणासाठी. काही दुखतच नाही म्हणून रोबोट यंत्रात हात घालतो, बोट मोडून घेतो. मालाचं नुकसान होतं. दुखलं की तो स्वतःला जपेल. हेलेना विचारते, मग ते जास्त सुखी होतील का? उलटच, डॉक्टर म्हणतो, पण तांत्रिकदृष्ट्या जास्त परिपूर्ण होतील. आणि आत्मा का देत नाही, असं ती विचारते, तेव्हा कुणीतरी म्हणतं की त्याने उत्पादनखर्च वाढेल.

कृत्रिम जीव घडवण्याच्या नीतीवर यापेक्षा भेदक प्रसंग माझ्या वाचनात नाही. दुखणं द्यायचं, कारण ते मालकाच्या सोयीचं. ‘दुखतंय, आता करत नाही’ असं म्हणायची मुभा मात्र द्यायची नाही. एखादा रोबोट मध्येच हातातलं टाकून देतो, दात करकरा खातो. कारखान्याच्या लेखी तो बिघाड, त्याची रवानगी थेट भंगारात. हेलेनाला त्यातच आत्मा दिसतो.

मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीतला फ्रँकेन्स्टाइन आपण घडवलेल्या जिवाला टाकून पळाला, यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. पण त्याला निदान भीती वाटली, किळस आली. चापेकची माणसं मनाने भली आहेत. दोमिनला मनापासून वाटतं की माणसाच्या मानेवरचं कष्टांचं जू उतरावं, कुणी उपाशी राहू नये. मला तो खलनायक वाटत नाही आणि म्हणूनच त्याची जास्त धास्ती वाटते. आपलं जू उतरवून ते दुसऱ्याच्या मानेवर ठेवताना त्या मानेकडे त्याने एकदाही पाहिलेलं नसतं.

‘ही यंत्रं उद्या आपल्यावर उलटतील का?’ असं मला नेहमी विचारतात. नाटकात ती उलटतात, माणसं मारली जातात. पण हा प्रश्न मालकाचा आहे. वेठबिगाराच्या बाजूने उभं राहिलं, तर आधी दुसरंच काहीतरी विचारावं लागतं. याला दुखतं हे ठाऊक असताना, नकार देण्याचा हक्क त्याच्याकडून कुणी काढून घेतला?

रोबोट एका माणसाला जिवंत ठेवतात. बांधकामवाल्या आल्क्विस्टला. कारण तो त्यांच्यासारखाच स्वतःच्या हातांनी काम करतो. शेवटी तोही एका रोबोट मुलीला फाडून पाहायला निघतो, तेव्हा तिचा साथी प्रिमुस आडवा येतो. बरं, मग तू चल, आल्क्विस्ट त्याला म्हणतो. आता ती मुलगी पुढे होते, मला न्या म्हणते. इतकी वर्षं विटा रचणारा तो म्हातारा मग त्या दोघांना म्हणतो, जा.