पिसोरी: कवडशांत लपलेली

(दृश्य: सकाळचं रान. कॅमेरा स्थिर.)

समोर नीट बघा. पानांचा सडा, एक कुजका ओंडका आणि त्यावर सांडलेले कवडसे. दिसतंय काही?

त्यातला एक कवडसा आत्ता हलला. तो कान होता.

ही पिसोरी, हरणासारखा दिसणारा इवलासा प्राणी. सह्याद्रीच्या दाट रानात, कोयना-चांदोलीकडे राहते. खांद्यापर्यंतची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर. शाळेतली फूटपट्टी शेजारी उभी केली तर तेवढीच. वजन तीनेक किलो. घरचं खाऊनपिऊन सुखी मांजर हिच्याहून भारी भरेल.

(दृश्य: पाठीचा जवळून घेतलेला भाग.)

तपकिरी अंगावर फिकट बदामी ठिपक्यांच्या ओळी आहेत. चितळाचे ठिपके कसे सुटे, टपोरे असतात. हिचे लांबट, ओल्या बोटानं ओढल्यासारखे, आणि मध्येच एकमेकांना चिकटून त्यांचे पट्टे झालेले. गळ्याखालीही पांढरे पट्टे. पानांतून झिरपणारं ऊन जमिनीवर असंच पडतं.

पण नुसत्या रंगानं भागत नाही, त्याला सवयीची जोड लागते. चाहूल लागली की पिसोरी आधी थिजते. उचललेला पाय तसाच अधांतरी राहतो. अगदी अंगावर आलात तरच उधळते, आणि झाडाच्या ढोलीत नाहीतर खडकाच्या कपारीत शिरते. दिवस बहुतेक तिथेच जातो. पडलेली फळं, कोवळा पाला खायला ती अंधार पडल्यावर निघते, तीही बहुधा एकटीच.

लोक हिला हरीण म्हणतात, पण हरणांच्या कुळात ती बसत नाही. शिंगं ना नराला, ना मादीला. नराला त्याऐवजी वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे असतात. रवंथ करते, मात्र गाईच्या पोटातल्या चार कप्प्यांपैकी तिसरा हिच्यात नीट घडलेलाच नाही. रवंथ करणाऱ्यांच्या वंशवेलीवरची ही फार जुनी फांदी.

बिबट्याची नजर चुकवायला थिजणं कामी येतं. गावातून रानात शिरलेल्या कुत्र्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. तो शोधतो नाकानं. आणि शिकाऱ्यानं लावलेल्या फासकीला डोळेही नसतात, नाकही नसतं. वन्यजीव संरक्षण कायद्यानं पिसोरीला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवलंय. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात २०१० साली हिच्या पैदाशीचा प्रकल्प सुरू झाला. तिथे वाढलेल्या पिसोऱ्या पुढे तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात सोडल्या गेल्या.

(दृश्य: पुन्हा तोच ओंडका.)

आम्ही कॅमेरा तसाच चालू ठेवला होता. ऊन चढलं, कवडसे ओंडक्यावरून खाली सरकले. ती नेमकी कधी गेली, हे चित्रीकरण तीनदा बघूनही आम्हाला सापडलेलं नाही.