सायकलवरून बोधिवृक्षाकडे: अनुराधपूरची एक सकाळ

पहाटेचे पावणेसहा वाजलेत. समोर हे जे पाणी दिसतंय ना, ते समुद्राचं नाही बरं का, नुवर वेवा नावाच्या तलावाचं आहे. सिंहलीत वेवा म्हणजे तलाव. माणसांनी मातीचा बांध घालून अडवलेलं पाणी आहे हे, दोन हजार वर्षांच्या आसपासचं, आणि आजही त्यावर शेती भिजते.

आपण श्रीलंकेत अनुराधपूरला आहोत. कोलंबोपासून उत्तरेला साधारण 200 किलोमीटर. एकेकाळी हजार वर्षांहून जास्त काळ ही राजधानी होती, 1982 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पण मी आले ती एका झाडासाठी. मी नागपूरची. आमच्या घरात वंदनेच्या पुस्तकात एक पिंपळपान आहे, पार जाळी झालेलं, आजीने ठेवलेलं. ते पान ज्या झाडाचं आहे, त्या झाडाच्याही मागे अजून एक झाड आहे, ते बघायला मी इथे आलेय.

आमच्या गाईडना सगळे अय्या म्हणतात. अय्या म्हणजे मोठा भाऊ. पन्नाशीचे असतील, इथेच जन्मले, इथेच वाढले, आणि मला पहिल्या पाच मिनिटांतच नंगी म्हणायला लागले, म्हणजे धाकटी बहीण. मोठ्या बहिणीला काय म्हणता विचारलं तर म्हणाले, अक्का. मी म्हटलं आमच्याकडेही अक्काच! मग आजीला काय म्हणता? आच्ची. हे ऐकून मी सायकल थांबवली होती खरंच, कॅमेरा मात्र नेमका बंद होता तेव्हा.

निघण्याआधी अय्यांनी प्रत्येकाची सीट स्वतः वरखाली करून दिली, ब्रेक दाबून बघितले, आणि एक सूचना केली जी मी तुम्हालाही सांगते. गुडघे आणि खांदे झाकणारे कपडे घाला, जमलं तर पांढरे, आणि जाड मोजे बॅगेत ठेवा. मंदिरांच्या आवारात चप्पल-बूट काढावे लागतात आणि दहा वाजल्यानंतर दगड असे तापतात की पाय ठेववत नाही. म्हणूनच ही टूर सकाळची असते. सहाला निघायचं, बाराच्या आत परत. अंतर फार नाही, वळसे धरून पंधरा-सोळा किलोमीटर, आणि रस्ता सपाट, चढ म्हणाल तर तेवढे तलावांचे बांध. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात त्यामुळे तेही टेन्शन नाही.

बांधावरून सायकल चालवायची मजाच वेगळी आहे हो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली भाताची खाचरं, आणि पाण्याच्या कडेने ही मोठी पांढुरक्या सालीची झाडं. अय्या म्हणाले कुंबुक. जवळ जाऊन फळ बघितलं, पाच पंखांचं, आणि ओळख पटली, हा तर आपला अर्जुन! थोडं पुढे गेलो तर रस्त्याच्या मधोमध घोरपड. आरामात, अगदी घरच्या अंगणातून चालल्यासारखी पलीकडे गेली. अय्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, घंटी वाजवू दिली नाही. तिला आधी जाऊ द्या म्हणाले.

वाटेत एका टपरीवर कोला कॅन्दा प्यायलो. ही म्हणजे आपली पेजच समजा, तांदळाची, पण त्यात पाल्याचा हिरवा रस आणि नारळाचं दूध घालतात, सोबत गुळाचा खडा देतात. खडा दाताखाली धरायचा आणि वरून गरम पेज प्यायची. पहिल्या घोटाला कडसर लागते, दुसऱ्यापासून सोडवत नाही.

आता आपण तिस्स वेवाच्या बांधावर आलो. हा तलाव ज्याच्या नावाचा तो राजा देवानंपिय तिस्स, सम्राट अशोकाच्या काळातला. इथे अय्यांनी सायकली झाडाला टेकवायला लावल्या आणि गोष्ट सांगितली. मला वाटतं या अख्ख्या सकाळीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा निवांत सांगते.

अशोकाचा मुलगा महिंद, म्हणजे आपण ज्याला महेंद्र म्हणतो, तो इथून 12-13 किलोमीटरवर मिहिंतलेला आला आणि राजाला धम्म सांगितला. राजघराण्यातली अनुला आणि तिच्याबरोबरच्या कितीतरी बायका पुढे आल्या, म्हणाल्या आम्हालाही प्रव्रज्या द्या, आम्हाला भिक्खुणी व्हायचंय. महिंद म्हणाला, बायकांना दीक्षा देण्याचा अधिकार मला नाही, त्यासाठी भिक्खुणी हवी, माझी बहीण आहे पाटलीपुत्रला, तिला बोलवा. ती बहीण म्हणजे संघमित्रा. तिला निरोप गेला, आणि ती येताना बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची दक्षिणेकडची फांदी सोन्याच्या कुंडात घेऊन जहाजाने आली. पाली ग्रंथांत लिहिलंय की उत्तरेला जंबुकोल बंदरात राजा गळ्याइतक्या पाण्यात उतरून त्या फांदीला सामोरा गेला.

म्हणजे बघा, अनुलाने आणि त्या बायकांनी हट्ट धरला, म्हणून संघमित्रा आली आणि तिच्याबरोबर ते झाड आलं. हे आपल्याकडे सांगितलंच जात नाही. मी लहानपणापासून संघमित्रा हे नाव ऐकलंय, आमच्या वस्तीत दोन संघमित्रा होत्या, एक माझ्याच वर्गात होती, पण अनुला हे नाव मला तिशी उलटून गेल्यावर तिस्स वेवाच्या बांधावर कळलं.

जवळच इसुरुमुनिया विहार आहे, खडकात कोरलेले पाण्यात खेळणारे हत्ती तिथे नक्की बघा. आम्ही दहा मिनिटंच थांबलो कारण सगळ्यांना पुढची ओढ लागली होती.

आता सायकली स्टँडला लावल्या. इथून पुढे पायी. सिक्युरिटीला बॅगा तपासतात आणि त्याचं कारण आहे. 14 मे 1985 ला एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेच्या लोकांनी या शहरात गोळीबार केला, या झाडाच्या आवारातही शिरले, 146 माणसं गेली त्या दिवशी. दर्शनाला आलेली, बस स्टँडवर उभी असलेली साधी माणसं. अय्या तेव्हा शाळेत होते. त्याबद्दल ते याहून जास्त बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आत आलं की आधी वाळू लागते पायाला, गार, सकाळीच झाडून रेघा काढलेली. मग पायऱ्या. फुलांचा वास, उदबत्तीचा वास, आणि पांढऱ्या कपड्यातली माणसंच माणसं. तुम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेला असाल तर तुम्हाला हा पांढरा रंग ओळखीचा वाटेल. मला तर क्षणभर वाटलं यातली कोणीतरी मावशी आता वळून हाक मारेल.

आणि हा जय श्री महाबोधी, संघमित्राने आणलेली ती फांदी इथे लावली, त्याचं हे झाड.

तुम्ही शोधताय ना कुठला ते? मीही शोधत होते. समोर हे मोठमोठे पिंपळ दिसतात, जाड बुंध्यांचे, मला वाटलं यातलाच एक असेल. अय्या हळूच म्हणाले, ते नाही, ते परिवार बोधी. हो, परिवार! हाच शब्द आहे त्यांच्याकडे. वारा-वादळ मूळ झाडावर थेट येऊ नये म्हणून भोवती हा परिवार उभा केलाय. आणि खरं झाड वर, सगळ्यात उंच चौथऱ्यावर, त्या सोनेरी कठड्याच्या आत. बारीक आहे. फांद्या तिरक्या वाढलेल्या, आणि खालून त्यांना सोनेरी टेकू दिलेले, जसं म्हाताऱ्या माणसाच्या काखेत दोन्ही बाजूंनी कोणीतरी हात घालून उभं असावं तसं.

साधारण 2300 वर्षं. माणसाने लावलेलं, कधी लावलं याची नोंद असलेलं, आणि अजून जिवंत असलेलं जगातलं सगळ्यात जुनं झाड म्हणून हे ओळखलं जातं. वडासारखा एकरभर पसारा नाही, कवेत न मावणारा बुंधा नाही. पण आता कॅमेरा झूम करते, ही वरची पानं बघा. कोवळी, तांबूस, टोकाला लांब शेपटी असलेली, आणि वारा अजिबात जाणवत नसतानाही हलतायत. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि लवचिक असतो म्हणून ती अशी सारखी सळसळतात, आपल्या गावच्या पाराच्या पिंपळाचीही अशीच हलतात.

इतकी वर्षं हे झाड आपोआप टिकलेलं नाही. 11व्या शतकात राजधानी इथून हलली, शहरावर जंगल चढलं, तरी झाडाची देखभाल करणारे इथे राहिलेच असं मानतात. रानहत्तींनी फांद्या ओरबाडू नयेत म्हणून गावकरी शेकोट्या पेटवून जागायचे, मग 18व्या शतकात भोवती ही भिंत बांधली गेली. 1907 आणि 1911 च्या वादळात फांद्या मोडल्या. 1929 मध्ये एका माणसाने येऊन फांदी तोडली. 1969 मध्ये हा सोनेरी कठडा बसवला. आणि या सगळ्या काळात रोज कोणीतरी येऊन पाणी घालत राहिलं, आत्ताही बघा, ही माणसं मडक्यातून पाणी घेऊन प्रदक्षिणा घालतायत, परिवार बोधींच्या मुळाशी ओततायत.

मी कठड्यापासून लांब एका खांबाला टेकून बसले होते. शेजारी एक आच्ची बसल्या होत्या, पांढरी साडी, हातात निळ्या कमळांची जुडी, याला निल मानेल म्हणतात, श्रीलंकेचं राष्ट्रीय फूल. त्यांना ना हिंदी येत होती ना इंग्लिश, मला सिंहलीचे चार शब्द. त्यांनी एक फूल काढून माझ्या हातात दिलं, त्याच्या पाकळ्या बोटाने एकेक करून कशा उमलवायच्या ते दाखवलं, आणि डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली, बुद्धं सरणं गच्छामि. मी पुढचं म्हटलं. धम्मं सरणं गच्छामि. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, आणि मग आम्ही दोघींनी मिळून त्रिसरण आणि पंचशील पूर्ण म्हटलं, दुतियम्पि, ततियम्पि सगळं, चाल वेगळी, शब्द तेच. शेवटी साधु, साधु, साधु. हे शूट केलेलं नाही. इथे फक्त आवाज ऐका, पलीकडे दुसरे लोक म्हणत होते त्यांचा.

आता नागपूरचं सांगते. दीक्षाभूमीवर स्तूपाच्या बाजूला जो बोधिवृक्ष आहे, तो इथल्या फांद्यांपासून लावलेला आहे. भदंत आनंद कौसल्यायन, जे बरीच वर्षं श्रीलंकेत राहिले होते, त्यांनी अनुराधपूरच्या या झाडाच्या तीन फांद्या आणून तिथे लावल्या. आणि यात एक बारकावा आहे जो मला अय्यांनी समजावला. या झाडाची फळं रुजवून जी रोपं लंकेत सगळीकडे वाटली गेली, पहिली आठ आणि मग 32, त्यांना फलरुह बोधी म्हणतात, फळापासून रुजलेली. ती या झाडाची मुलं. पण फांदी लावली की ते मूल नसतं, फांदीपासून वाढलेलं झाड म्हणजे तेच झाड असतं. म्हणजे आजी ज्याच्या खाली ऑक्टोबरच्या उन्हात डबा सोडून बसायची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा, ते हेच झाड होतं. ती कधी महाराष्ट्राबाहेर गेली नाही. पासपोर्ट नव्हता तिच्याकडे.

पान तोडायला इथे सक्त मनाई आहे, आणि असायलाच हवी. खाली गळलेलं पान मिळावं म्हणून लोक तासन् तास बसतात. मला मिळालं नाही. मी वाईट वाटून घेतलं नाही, घरी आहे ना एक.

पुढचं जरा भराभर. झाडाच्या शेजारीच हे दगडी खांबांचं रान, लोवमहापाय, भिक्खूंसाठी बांधलेला प्रासाद, एका काळी नऊ मजली होता, 1600 खांब उरलेत. त्याच्या पुढे रुवनवेलिसाय, हा पांढराशुभ्र स्तूप, दुट्ठगामणी राजाचा. तो बांधून पूर्ण होण्याआधी राजा आजारी पडला, अंथरुणाला खिळला, तर भावाने अर्धवट स्तूपावर पांढरं कापड घालून तो पूर्ण झाल्यासारखा केला आणि पालखीतून आणून राजाला दाखवला. राजा समाधानाने गेला म्हणतात. अय्या ही गोष्ट रोज सांगत असतील, तरी शेवटी त्यांचा आवाज खाली आला. मग सायकल काढून जेतवनाराम स्तूप, विटांचा डोंगरच, मूळ उंची 122 मीटर होती, त्या काळात इजिप्तच्या दोन मोठ्या पिरॅमिडनंतर याचाच नंबर. तोपर्यंत साडेदहा झाले होते, मोजे असूनही पाय भाजायला लागले, आणि एका सायकलची चेन दोनदा उतरली. अय्यांनी दोन्ही वेळा वाळक्या काडीने चेन उचलून दातांवर बसवली, हाताला ग्रीस न लागता. हे मात्र शूट केलंय, बघा.

पावणेबाराला परतीच्या वाटेवर तँबिली प्यायला थांबलो, हे केशरी रंगाचं शहाळं. सावलीत बसल्यावर अय्या म्हणाले, नंगी, तुमच्या नागपूरचं झाड केवढं झालंय आता? माझ्या फोनमध्ये एक फोटो होता, मी सात-आठ वर्षांची, आजी, दोन मावश्या आणि मागे बोधिवृक्ष. मी फोन दिला. त्यांनी आमच्या चेहऱ्यांवरून बोट सरकवत फोटो वर नेला, फांद्या मोठ्या केल्या, पानं मोठी केली, बराच वेळ बघत राहिले. मग फोन तसाच दोन्ही तळव्यांमध्ये धरून हात जोडले, कपाळाला लावले, आणि म्हणाले हा मला पाठव, आईला दाखवतो.