वर्गाची निवड प्रसूतिकक्षाच्या दारापासून

(आई-बाबा होऊ घातलेल्या जोडप्यांसाठी ठाण्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज सभागृहात जोडपी आहेत, त्यांच्या आया आणि सासवा आहेत, मागच्या रांगेत दोन-तीन आजोबाही बसलेले दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. संयोजकांनी विषय प्रश्नाच्या रूपातच दिला आहे: गरोदरपणातले मार्गदर्शन महापालिकेच्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात मोफत मिळते तेवढे पुरेसे आहे, की काही हजार रुपये फी भरून खासगी वर्ग लावावा? मी महापालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर फी घेऊन चालणाऱ्या वर्गांतही शिकवते, त्यामुळे दोन्हींची बलस्थाने आणि उणिवा मला जवळून ठाऊक आहेत. उत्तर मी देणार आहे. परंतु माझे ठाम मत असे आहे की फी हा या निवडीतला दुसरा प्रश्न आहे. ज्या खोलीत बाळ जन्मणार आहे त्या खोलीचे नियम वर्गात शिकवणाऱ्यांना माहीत आहेत का, आणि कळांच्या वेळी गरोदर बाईजवळ जी व्यक्ती असणार आहे ती व्यक्ती वर्गाला येणार आहे का, हे आधी विचारायला हवे.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये 1948 पासून सरकारी आरोग्यसेवा आहे, तिच्यातर्फे मोफत वर्ग होतात आणि ते साधारणपणे तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात. दुसरीकडे 1956 मध्ये स्थापन झालेली पालकांची एक संस्था फी घेऊन लहान गटांचे वर्ग चालवते. तिथले पुष्कळ पालक सांगतात की फी भरून माहितीपेक्षाही मैत्री मिळाली, कारण जवळपास राहणारी आणि एकाच सुमारास बाळंत होणारी पाच-सात जोडपी एकत्र येतात व पुढचे वर्षभर एकमेकांना आधार देतात. श्वासाच्या ज्या पद्धतीचे नाव आपल्याकडच्या जाहिरातींत सर्रास असते, तिचे प्रवर्तक फर्नांड लामाझ हे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ होते. 1951 मध्ये त्यांनी सोव्हिएत संघात ही पूर्वतयारीची पद्धत पाहिली आणि पॅरिसमध्ये आपल्या रुग्णालयात ती सुरू केली. ज्या रुग्णालयात बाळंतपण व्हायचे, तिथलीच माणसे ती शिकवत असत. आपल्या शहरांत वर्ग एका ठिकाणी आणि बाळंतपण दुसऱ्या ठिकाणी अशी फारकत झाली आहे. माझी सगळी तक्रार या फारकतीविषयी आहे.

आधी मोफत मार्गदर्शनाविषयी बोलते, कारण त्याची किंमत आपल्याला पुरेशी कळलेली नाही. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधांसह विनामूल्य आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो, वाशीचे महापालिका रुग्णालय असो किंवा वागळे इस्टेटमधले एखादे आरोग्यकेंद्र असो, तपासणीच्या दिवशी वजन आणि रक्तदाब यांच्या मधल्या वेळात परिचारिका जे सांगते ते पक्के असते. लोह व फॉलिक आम्लाच्या निदान 180 गोळ्या, कॅल्शियम, धनुर्वाताची लस. बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून रक्त गेले किंवा पाणी गेले, तर घरी न थांबता यायचे. हे सगळे ती दहा मिनिटांत सांगते आणि तिला काही विकायचे नसते.

उणीव आहे ती वेळेची आणि एकांताची. बाकावर शेजारी अनोळखी बाई बसलेली असताना टाक्यांविषयी किंवा नवऱ्याशी असलेल्या संबंधांविषयी कोणी विचारत नाही, आणि नवरा तर बहुतेक वेळा फाटकाबाहेर उभा असतो. तरीही माझ्या नोकरीत मला एक गोष्ट वारंवार दिसली. जिच्यासोबत आलेली आई किंवा जाऊ त्या बाकावर बसून सगळे ऐकत असे आणि तीच पुढे कळांच्या वेळी आत येत असे, त्या बाईचा धीर शेवटपर्यंत टिकत असे.

आता ज्या प्रसंगाने मी या विषयावर बोलू लागले, तो सविस्तर सांगते. माझ्या एका मैत्रिणीची मुलगी घोडबंदर मार्गावर राहते. तिने सहाव्या महिन्यात एक चांगला, महागडा वर्ग लावला. नवरा ऐरोलीला नोकरीला. शनिवारी हातातले काम लवकर संपवून तो वर्गाला हजर राहायचा, एकही खाडा नाही. कळ सुरू झाल्यापासून पुढची कळ सुरू होईपर्यंतचे अंतर कसे मोजायचे, कळ चढत असताना कमरेच्या खालच्या हाडावर तळहाताने किती जोर द्यायचा, तिने पुढे ओणवे होऊन कोणाच्या खांद्यावर भार टाकायचा, दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी कधी द्यायचे, हे सगळे त्याने इतक्या मनापासून आत्मसात केले होते की मला त्याचे कौतुक वाटत होते. शिकवणारी बाईही जाणकार होती. तिने सांगितलेले काहीच चुकीचे नव्हते.

दिवस भरले, रात्री कळा सुरू झाल्या, दोघे ठरलेल्या रुग्णालयात गेले. प्रसूतिकक्षाच्या दारात मावशींनी सांगितले की पुरुषांना आत सोडत नाहीत, घरातली कोणी बाई असेल तर एकीला पाठवा. आतमध्ये पडदे लावून शेजारी-शेजारी तीन खाटा होत्या, त्यामुळे त्या नियमाला कारण होते. मुलीची आई गावाहून निघालेली, पोचायची होती. सासूबाई कल्याणहून आलेल्या. त्या आत गेल्या. त्या वर्गाला कधी आल्या नव्हत्या, कारण वर्ग 'जोडप्यांसाठी' होता. सुनेचे कण्हणे ऐकून त्या स्वतःच घाबरल्या, तिचा हात धरून ओरडू नकोस, ओरडू नकोस एवढेच म्हणत राहिल्या. बाळाच्या ठोक्यांची नोंद घेण्यासाठी पोटाला पट्टा बांधलेला असल्याने ती उठून ओणवी होऊ शकली नाही, आणि असा पट्टा तिथे सरसकट बांधतात हे तिला कोणी सांगितले नव्हते. बाहेर नवरा रात्रभर येरझाऱ्या घालत होता. कमरेवर दाब कसा द्यायचा हे घरात फक्त त्यालाच ठाऊक होते.

बाळंतपण सुखरूप झाले, आई व बाळ दोघेही उत्तम आहेत. परंतु दीड महिन्याने मी भेटायला गेले, तेव्हा ती मला म्हणाली, "मावशी, एवढं शिकून मला काहीच करता आलं नाही. मी नापास झाल्यासारखं वाटतं." एका निरोगी बाळाची आई हे म्हणत होती! मी त्या वर्गाच्या चालकांना भेटून विचारले की आलेल्या जोडप्याने कुठल्या रुग्णालयात नाव घातले आहे, हे तुम्ही पहिल्या दिवशी का विचारत नाही? आम्ही रुग्णालयांच्या कारभारात पडत नाही, असे त्यांचे उत्तर होते. मला ते मान्य नाही. पडू नका, पण विचारून तर घ्या. नियम कळला असता, तर सासूबाईंना दोन शनिवार बोलावून तीच मालीश शिकवता आली असती आणि आडव्या स्थितीत, कुशीवर वळून काय करता येते हेही सांगता आले असते.

हा माझा भावनेचा मुद्दा नाही. कळांच्या काळात सतत सोबत असण्याच्या परिणामांचा 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा, 17 देशांतल्या 15,000 हून अधिक स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला आहे. अशी सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होण्याची शक्यता वाढते, सिझेरियनचे प्रमाण घटते आणि कळांचा काळही काहीसा कमी होतो, असे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत स्त्रीच्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी असे म्हटले आहे. आपल्या केंद्र सरकारनेही 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत नात्यातल्या स्त्रीला आणि जिथे आडोसा नीट राखला जातो तिथे पतीला सोबत राहू द्यावे, अशा सूचना दिल्या. तुम्ही नाव घातलेल्या ठिकाणी त्या सूचना कशा पाळल्या जातात, हे तिथे जाऊनच कळेल.

इथे बसलेल्या बाबांना एक विचारते: पत्नीचा रक्तगट आणि तिच्या फाइलमधली प्रसूतीची अपेक्षित तारीख ज्यांना न पाहता सांगता येईल, त्यांनी हात वर करावेत. बरेच हात वर झाले, छान वाटले. उरलेल्यांनी आज रात्री फाइल वाचावी.

मोफत म्हणून मिळणाऱ्या आणखी एका प्रकाराबद्दल सावध करायला हवे. मोठ्या सभागृहात चहा-नाश्त्यासह होणाऱ्या, फी नसलेल्या कार्यशाळांचा खर्च कोणीतरी उचललेला असतो. पुष्कळदा तो नाळेतले रक्त साठवणाऱ्या खासगी कंपन्यांनी उचललेला असतो, आणि तासाभराच्या कार्यक्रमात बाळंतपणाला वीस मिनिटे मिळतात. स्वतःच्या मुलाला पुढे कधी लागेल म्हणून असे रक्त खासगीरीत्या साठवण्याची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद करत नाही, हे त्या वीस मिनिटांत सांगितले जात नाही. डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास आणि त्याचे नमुने आयांना वाटण्यास तर 1992 च्या कायद्याने बंदी आहे. तशी पिशवी हातात पडली, तर त्या वर्गावर विश्वास ठेवू नका.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहाच मिनिटे उरली आहेत, आणि ज्यासाठी आपण आलात ते सांगायचे राहिलेच आहे. भरभर सांगते.

सातव्या महिन्यात, दुपारच्या निवांत वेळी, नाव घातलेल्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात जाऊन तिथल्या सिस्टरांना विचारा: सोबत कोणाला सोडता, कळांमध्ये चालू-फिरू देता का, वेदना कमी करण्यासाठी काय उपलब्ध आहे आणि रात्रीही ते मिळते का, बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या अंगावर देता का, सिझेरियन झाले तर पाजायला कोण मदत करते. पहिले बाळंतपण माहेरी, सांगलीला किंवा साताऱ्याला होणार असेल, तर हे प्रश्न तिथे विचारायचे, आणि ठाण्यातल्या वर्गाला तिथली उत्तरे द्यायची. त्यानंतर मोफत मार्गदर्शन घ्या, खासगी रुग्णालयात नाव असले तरी घ्या, आणि जी व्यक्ती आत येणार आहे तिला घेऊन जा. तुमच्या रुग्णालयाचा स्वतःचा वर्ग असेल तर तो पहिल्या पसंतीचा, कारण तिथली माणसे तीच असतात.

एवढे झाल्यावर ज्या शंका उरतील त्यांच्यासाठी फी भरा. पैसे भरून वेळ, लहान गट आणि सराव मिळायला हवा. वीस-पंचवीस जोडप्यांना पडद्यावर चित्रे दाखवायची असतील, तर ते बाकावर बसून मोफत ऐकण्यापेक्षा सरस नाही. शिकवणारी व्यक्ती परिचारिका, फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर आहे का, तिने प्रत्यक्ष बाळंतपणात काम केले आहे का, हे विचारण्यात संकोच नको. गर्भसंस्काराच्या वर्गात संगीताने, प्रार्थनेने मन शांत होत असेल तर अवश्य जा, परंतु ती कळांची तयारी नव्हे, आणि हुशार बाळाची हमी देणारा वर्ग खोटे बोलतो आहे. मुलगा होण्याचे उपाय कोणी सुचवले, तर तिथून उठून या.

आणि घरात एवढ्याच पैशांची सोय असेल की एकच काही निवडावे लागेल, तर माझा सल्ला असा की ते पैसे प्रसूतीपूर्व वर्गावर खर्च करू नका, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरी येऊन स्तनपानाला मदत करणाऱ्या जाणकार व्यक्तीसाठी राखून ठेवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जन्मल्यापासून तासाभरात स्तनपान सुरू झालेली बाळे 42 टक्क्यांच्या आसपासच होती. दूध भरपूर उतरते ते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. नैसर्गिक बाळंतपण असेल तर तोवर घरी सोडलेले असते, छाती दगडासारखी घट्ट झालेली असते, बाळ रडत असते आणि कोणीतरी दुधाचा डबा आणायला निघालेले असते. नेमक्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताईंनी नवजात बाळाला घरी येऊन पाहावे, अशी सरकारी योजना आहे, तीही मोफत. घोडबंदरच्या किंवा खारघरच्या उंच इमारतींत त्या फारशा पोचत नाहीत, कारण यादीत तुमचे नाव नसते आणि फाटकावर त्यांना अडवले जाते. म्हणून जवळच्या आरोग्यकेंद्रात आठव्या महिन्यात नाव नोंदवा, आशाताईंचा फोन नंबर घ्या आणि त्या येणार आहेत हे सुरक्षारक्षकाला आधीच सांगून ठेवा.