दारामागे काय आहे? ‘द अमेझिंग डिजिटल सर्कस’च्या थिअरी तपासताना
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. ‘द अमेझिंग डिजिटल सर्कस’ या अ‍ॅनिमेशन मालिकेचा पहिला भाग 13 ऑक्टोबर 2023 रोजी यूट्यूबवर आला. निर्मिती ग्लिच प्रॉडक्शन्स या ऑस्ट्रेलियन स्टुडिओची, कल्पना गूसवर्क्स यांची. तेव्हापासून या आभासी सर्कशीत अडकलेल्या माणसांबद्दल प्रेक्षकांच्या इतक्या थिअरी, म्हणजे अंदाज, निघाल्या आहेत, की त्या सगळ्यांना आज हात लावणं शक्य नाही. म्हणून मी पहिल्या तीन भागांपुरतंच बोलणार आहे. या तीन भागांत मूळ कोडी पडतात आणि थिअरी कशी तपासायची हे शिकायला तेवढी सामग्री पुरे आहे. पुढचे भाग ज्यांनी पाहिलेले नाहीत, त्यांचाही रसभंग होणार नाही.

थिअरी मांडताना पहिली गोष्ट करायची ती म्हणजे ती कुठल्या भागापर्यंतची आहे हे वर लिहून ठेवायचं. हे साधं वाटतं, पण निम्मे वाद तिथेच मिटतात. दुसरं, पुरावा कुठून आला ते वेगळं काढायचं. पडद्यावर दिसलेलं आणि पात्रांनी बोललेलं हा पहिला दर्जा. तिथेही पात्राचं बोलणं म्हणजे त्या पात्राची समजूत, ते सत्य असेलच असं नाही. निर्मात्यांनी बाहेर कुठे सांगितलेलं हा दुसरा दर्जा. खेळणी, पोस्टर, जाहिराती हा तिसरा, आणि त्यावर इमारत उभी करू नये. पोस्टर काढणाऱ्याला कथेचा शेवट माहीत असतोच असं नाही.

आता थेट पहिल्या भागात जाऊ. पॉम्नी, म्हणजे मालिकेची नायिका, आभासी जगात नेणारा हेडसेट डोक्याला लावते आणि सर्कशीत येऊन पडते. स्वतःचं नाव तिला आठवत नाही. तिला एक दार दिसतं, त्यावर ‘एक्झिट’ असं लिहिलेलं. त्या दारातून ती आत शिरते, तर ऑफिसच्या खोल्या लागतात, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि शेवटी पोकळी. नंतर केन, म्हणजे सर्कस चालवणारी ती कृत्रिम बुद्धिमत्ता, कबूल करतो की दार त्यानेच बनवलं होतं. लोकांना बाहेर जायचं असतं म्हणून दार केलं, पण पलीकडे काय ठेवायचं ते त्याला सुचलं नाही.

मला हा सगळ्या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा पुरावा वाटतो. लोक याच्यावरून घाईने पुढे जातात, म्हणून मी इथे थोडा थांबतो. केन दुष्ट आहे आणि त्याने माणसांना मुद्दाम कोंडलंय, ही सगळ्यांत लोकप्रिय थिअरी. पण कोंडणाऱ्याला खोटं दार लावायची गरज काय? फसवायचंच असतं तर दार अर्धवट ठेवून तो शरमला नसता. त्या दारावरून उलट असं दिसतं, की बाहेरचं जग कसं असतं हे केनला पुरेसं ठाऊकच नाही. ऑफिसच्या खोल्या त्याने कुठून तरी उचलल्या आहेत आणि पुढे काय हे न समजून नुसत्या जोडत गेला आहे. ‘तो सोडत नाही’ आणि ‘त्याला सोडता येत नाही’ या दोन वेगळ्या थिअरी आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की पुढचा सगळा तर्क बिघडतो.

त्याच भागाच्या शेवटी कॅमेरा सर्कशीतून मागे मागे येतो, पोकळीतून बाहेर पडतो आणि एका जुन्या धाटणीच्या कॉम्प्युटरपाशी थांबतो. त्यावर ‘सी अँड ए’ हे नाव आहे. यावरून ‘बघा, हे खरं जग’ असं म्हणून बरेच जण मोकळे होतात. पण बनावट ऑफिस आपण याच भागात पाहिलेलं आहे. कॉम्प्युटर दिसला म्हणजे बाहेर पडलो, हे गृहीत धरता येत नाही. दोन्ही दृश्यं शेजारी ठेवून तपासावी लागतात.

ते असं करायचं. व्हिडिओची क्वालिटी सर्वांत वरची निवडायची, नाहीतर गडद भागात आकृत्या पुसल्या जातात. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाचं दाबलं की एक मागे. अ‍ॅनिमेशनमध्ये सहसा सेकंदाला 24 फ्रेम धरतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या दृश्यात साधारण 12 चित्रं हाती लागतात. आधी आहे तसा स्क्रीनशॉट घ्यायचा, वेळ लिहून ठेवायची, आणि मगच उजेड वाढवायचा. उजेड वाढवल्यावर काळ्या भागात जे चौकोन आणि ‘चेहरे’ उमटतात, ते बहुतेक वेळा व्हिडिओ दाबून लहान केल्यामुळे आलेले असतात. तोच क्षण दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीत, उदाहरणार्थ नेटफ्लिक्सवर, दिसत नसेल तर सोडून द्यायचा.

थ्री-डी अ‍ॅनिमेशनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. इथे कुठलीही वस्तू अपघाताने पडद्यावर येत नाही, कोणीतरी ती ठेवलेली असते. पण ‘ठेवलेली’ म्हणजे ‘अर्थपूर्ण’ नव्हे. एकदा केलेलं टेबल, दिवा, खुर्ची वेळ वाचवायला पुन्हा वापरतात. दोन खोल्यांत एकच टेबल दिसलं तर आधी हे साधं कारण बाजूला काढावं लागतं. ज्या वस्तूवर कॅमेरा रेंगाळतो किंवा जिच्याकडे पात्र वळून बघतं, तिचं वजन जास्त.

नावांचे खेळ मी पटकन आटोपतो. ‘सी अँड ए’ म्हणजे केन आणि एबल, बायबलमधले दोन भाऊ, मराठी बायबलातले काइन आणि हाबेल. कल्पना आकर्षक आहे, पण केनच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा अक्षर आहे, आणि पहिल्या तीन भागांत एबल नावाचं कोणी समोर येत नाही. दोन आद्याक्षरांवर कितीही नावं बसवता येतात. हा अंदाज म्हणून ठेवा, पाया म्हणून नको. आणि शब्दखेळ तपासायचे ते मूळ इंग्रजी आवाजावर, डबिंगवर नव्हे. आपोआप तयार होणाऱ्या सबटायटल्सवर तर मुळीच नको, ती नावं हमखास चुकवतात.

आता मुख्य प्रश्न, ही माणसं नेमकी आहेत काय? पहिली थिअरी म्हणते, शरीर बाहेर खुर्चीत बसलंय, हेडसेट लावून. ही टिकत नाही. पाण्याविना माणूस काही दिवसच जगतो, आणि अडकलेल्यांपैकी एक, किंगर, सर्कशीत फार काळापासून आहे. टिकवायचीच तर हॉस्पिटल, सलाईन, देखभाल करणारे लोक असं बरंच काही जोडावं लागतं, आणि त्यातलं पडद्यावर काहीच नाही.

दुसरी म्हणते, मनाची प्रत काढली गेली, मूळ माणूस हेडसेट काढून घरी गेला. ही मला जास्त भक्कम वाटते. वर्षांची अडचण इथे येत नाही आणि ‘बाहेरून कोणी शोधायला का येत नाही’ हेही सुटतं, कारण बाहेर कोणी हरवलेलंच नाही. तिची कच्ची बाजू म्हणजे नाव. बाकी आठवणी शिल्लक आणि नेमकं नावच गायब, हे नुसत्या प्रतीने का व्हावं? प्रतीची थिअरी मांडणाऱ्याने याचं उत्तर दिलंच पाहिजे.

तिसरी थिअरी म्हणते, सगळेच बनावट, ही माणसंही केननेच बनवलेली. ती दुसऱ्या भागानंतर जोरात आली. गमिगू हा केनने त्या दिवसाच्या खेळासाठी तयार केलेला मगर. खेळाच्या नकाशाखाली, म्हणजे बनवलेल्या जगाच्या बाहेर, पडल्यावर त्याला कळतं की आपण बनवलेले आहोत, आपली आई, आपलं पूर्वायुष्य काहीच नव्हतं. पॉम्नी त्याला सर्कशीत घेऊन येते आणि केन त्याला क्षणात पुसून टाकतो. मग प्रश्न पडतो, पॉम्नीच्या आठवणी तरी खऱ्या कशावरून? यातला फरक केनच्या वागण्यात आहे. गमिगूला तो सहज पुसतो. कॉफमो या अडकलेल्या माणसाचा मात्र बहुरंगी डोळ्यांच्या काळ्या गोळ्यात कायापालट होतो, म्हणजे तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट होतो, तेव्हा केन त्याला पुसत नाही, तळघरात टाकतो. धोकादायक झाल्यावरही पुसत नाही, याचा अर्थ केनच्या लेखी हे दोन प्रकार वेगळे आहेत. आठवणी खऱ्या आहेत हे यातून सिद्ध होत नाही, पण ‘सगळेच बनावट’ म्हणणाऱ्याला तळघराचा खुलासा करावा लागतो.

आणि कॉफमोची खोली विसरू नका. एक्झिट सापडल्याचं तो बोलत होता, त्याच्या भिंती दारांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. दार शोधण्याचा ध्यास आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट होणं यांचा संबंध इथून जोडला जातो. पण एकाच माणसावरून नियम बसत नाही. दुसरं उदाहरण हवं, आणि ते तिसऱ्या भागात अर्धंच मिळतं. किंगर तिथे आपल्या बायकोबद्दल, क्वीनीबद्दल बोलतो. तीही अ‍ॅबस्ट्रॅक्ट झाली. एरवी भांबावलेला हा माणूस अंधारात अगदी शुद्धीवर असतो, उजेडात पुन्हा हरवतो. हे का, याचा खुलासा जी थिअरी करेल ती इतरांच्या पुढे जाईल. जो प्रतीची थिअरी मांडतो त्याने सांगावं, प्रतीला उजेडाने काय होतं? जो हेडसेटची मांडतो त्याने सांगावं, डोळे झाकले की कोणती तार सुटते? उत्तर लिहून ठेवा, भागाचा क्रमांक घाला, आणि पुढच्या भागात ते खोटं ठरलं तर खोडा.