परतीच्या गाडीआधीचे तास

अध्यक्ष महोदय, प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो आणि विद्यार्थिनींनो,

'महिला महाविद्यालयातील विद्यार्थिनींची दिनचर्या' हा विषय आयोजकांनी मला दिला, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तास, ग्रंथालय, स्नेहसंमेलन आणि परीक्षा असा क्रम असावा. तो क्रम सूचनाफलकावर लावलेला असतोच, त्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलीचा दिवस ठरतो तो बसस्थानकाच्या भिंतीवर रंगवलेल्या वेळापत्रकावरून, घरच्या पाण्यावरून आणि शेतातल्या कामावरून. या तिन्हींतून जे तास उरतात, तेवढेच महाविद्यालयाच्या वाट्याला येतात. त्या उरलेल्या तासांचे आपण काय करतो, याविषयी मला बोलायचे आहे. आणि मुली समोर बसलेल्या असल्या तरी माझे बोलणे मुख्यतः प्राध्यापकांना आणि संस्थाचालकांना उद्देशून आहे.

थोडा इतिहास आधी सांगून टाकते. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ साली पुण्यात सुरू झाले आणि दोनच वर्षांनी हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. निजामाच्या राज्यातल्या मराठी मुलीला या दोहोंपैकी एकही जवळचे नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला, १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, आणि मराठवाडा विद्यापीठ व्हायला २३ ऑगस्ट १९५८ हा दिवस उजाडावा लागला. आज प्रथम वर्षाला असलेल्या मुलीची आजी साधारण त्याच सुमारास जन्मलेली असते. आजी अंगठा उठवणारी, आई सातवी-आठवीत शाळा सुटलेली आणि नात पदवीच्या वर्गात, असे घर आमच्याकडे आजही अपवाद नाही. तरुण मुलीने रोज अकरा-बारा तास घराबाहेर राहायचे, ही गोष्टच त्या घराला नवी आहे, आणि त्या मोकळिकीची भरपाई ती पहाटेच्या कामांनी करते.

पाचला उठायचे, झाडलोट करायची, पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, धाकट्या भावंडांचे डबे भरायचे आणि साडेसहाची मुक्कामी गाडी गाठायची. जी गाडी रात्री गावात मुक्कामाला येते आणि सकाळी तालुक्याला परत निघते, तिच्यावर आमच्या कितीतरी मुलींचे शिक्षण उभे आहे. ती हुकली की फाट्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर पायी चालायचे आणि तिथून काळी-पिवळी जीप मिळाली तर बसायचे. ज्यांच्या गावात मुक्कामी गाडी येते त्या मुली सकाळी साडेसातलाच आपल्या फाटकाशी उभ्या असतात, आणि आपला पहिला तास असतो पावणेअकराचा. बहुतेक ठिकाणी फाटकच दहाला उघडते. मधल्या अडीच-तीन तासांत या मुली कुठे असतात, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले आहे? बसस्थानकाच्या बाकावर, देवळाच्या ओट्यावर किंवा झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर. आणि तिथे बसल्या म्हणून गावात नाव निघते, ते वेगळेच.

या प्रवासाची आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. बारावीपर्यंत शासनाचा हात मुलीच्या पाठीशी असतो. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या शाळेच्या वेळेनुसार धावतात. बारावी संपली की मोफत पासही संपतो आणि निळ्या गाडीवरचा हक्कही. मग विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढायचा, ज्यात भाड्याचा एक तृतीयांश भाग आपण भरायचा असतो. ही रक्कम आपल्याला किरकोळ वाटते, परंतु ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते तिथे ती दर महिन्याला नव्याने मागावी लागते, आणि दर महिन्याला मागणे म्हणजे पुढे शिकण्याची परवानगी दर महिन्याला नव्याने घेणे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना अर्धे तिकीट झाले. त्याचा एक परिणाम मला फार आवडला: प्रवेशाच्या दिवशी मुलीबरोबर आता आईही येते, वर्गखोल्या पाहते, ग्रंथालयाच्या दाराशी थांबते आणि प्राचार्यांच्या खुर्चीत बाई बसलेली पाहून मुलीला हळूच कोपराने खुणावते.

एसटीवरचे हे अवलंबन किती पूर्ण आहे, ते २०२१च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या संपात दिसले. करोनाच्या टाळेबंदीनंतर महाविद्यालये नुकतीच उघडली होती आणि गाड्या थांबल्या. मुलगे मोटारसायकलवर तिघे-तिघे बसून आले. मुली आल्या नाहीत. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या की नव्हत्या, हा आजचा विषय नाही. त्या हिवाळ्यात हजेरीपटावर ज्या नावांपुढे शून्य पडत गेले, त्यांतली काही नावे पुढच्या वर्षीच्या पटावर नव्हती, एवढे मात्र मी पाहिले आहे.

आता परतीची गाडी. शेवटचा तास साडेतीनला संपतो आणि गावाकडची गाडी सव्वापाचला असते. हा पावणेदोन तासांचा वेळ त्या मुलीच्या आयुष्यातला एकमेव वेळ आहे, ज्यावर घराचाही हक्क नाही आणि वर्गाचाही नाही. पहाट कामाची, रात्र कामाची. घरी गेल्यावर दप्तर खुंटीला लागते आणि ती चुलीपाशी बसते, ते जेवणे आणि भांडी उरकेपर्यंत. म्हणून ती जे काही वाचणार, लिहिणार, मैत्रिणीशी बोलणार, ते याच वेळात. आणि नेमक्या याच वेळी आपल्या ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव बंद झालेली असते, मावशी वर्गांना कुलपे लावत फिरत असतात आणि कार्यालयातून निरोप येतो की मुलींनी आवारात रेंगाळू नये. 'रेंगाळू नये' ही सूचना मी कितीतरी फलकांवर वाचली आहे. माझ्या मते महिला महाविद्यालयाची परीक्षा करायची तर साडेतीन ते सव्वापाच या वेळात करावी. तेव्हा ग्रंथालय उघडे असेल, मुलींच्या खोलीत पंखा आणि पिण्याचे पाणी असेल, स्वच्छतागृहाला कुलूप नसेल आणि निदान एक प्राध्यापक शंका विचारायला सापडत असेल, तर ते महाविद्यालय चांगले. मूल्यांकन समितीच्या भेटीसाठी रंगवलेल्या भिंती मला फारशा दिसत नाहीत.

मैदानाविषयीही असेच म्हणावे लागेल. गेल्या काही वर्षांत आमच्या मुलींमध्ये पोलीस भरतीची तयारी हा मोठा उद्योग झाला आहे. बारावी उत्तीर्ण असले की अर्ज करता येतो. मुलींसाठी आठशे मीटर आणि शंभर मीटर धावणे, चार किलोचा गोळा, आणि मैदानी चाचणीला पन्नास गुण, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. काही प्राध्यापकांना याचा राग येतो. मुली बी.ए.ला नाव घालतात आणि मन मैदानावर असते, अशी त्यांची तक्रार आहे. मला तसे वाटत नाही. ज्या मुलीला घराच्या अंगणातही मोठ्याने हसू दिले गेले नाही, ती ट्रॅकपँट घालून डांबरी रस्त्यावर सगळ्या गावादेखत धावते, आणि वडील सायकल घेऊन मागे येतात. हा बदल आपल्या कुठल्याही अभ्यासक्रमाने घडवून आणला नाही, तो तिने स्वतः घडवला. तक्रार करायचीच असेल तर ही करावी की रस्त्यावर पहाटे ट्रक असतात, आणि आपल्या मालकीचे सपाट मैदान त्या वेळी कुलपात असते.

हजेरीचा प्रश्न निघतोच, म्हणून त्यावरही बोलते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम लावताना आपण सगळे महिने सारखे धरतो. सप्टेंबरच्या शेवटी लातूर-धाराशिवकडे सोयाबीनची काढणी येते. दिवाळीच्या मागेपुढे बीड, जालना, परभणीत कापूस वेचणी येते आणि वेचणीचे पैसे किलोवर मिळत असल्यामुळे घरातले प्रत्येक माणूस हवे असते. वेळ अमावास्येच्या सणाला, आमच्या बोलीत येळवसेला, अख्खे घर शेतात असते आणि त्या दिवशी लातुरात तास घेणारा प्राध्यापक बाकांशीच बोलतो. पण तो एका दिवसाचा आनंद आहे, त्याची चिंता नको. चिंता आहे ती ऊसतोडीची. बीड जिल्ह्यातले आईबाप दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात ते उन्हाळा लागताना परततात, आणि मागे राहिलेल्या घरात म्हातारी आजी, दोन शाळकरी भावंडे आणि एक शेरडू यांची कर्ती ही आपली द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असते. ती आठवड्यातून तीन दिवस येते, याचे आपल्याला नवल वाटले पाहिजे. मार्चनंतर पाण्याची भर पडते. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते देशभर गाजले. खेड्यांत टँकर कधी येईल याची वाट पाहत घागरी घेऊन बसणारी मुलगी मात्र कुणाच्या बातमीत नसते, ती फक्त आपल्या पटावर गैरहजर असते. अंतर्गत चाचण्या आणि प्रात्यक्षिके या हंगामांभोवती आखता येतात. विद्यापीठाचे वेळापत्रक आपल्या हाती नसले तरी चाचणीची तारीख आपल्या हाती असते.

मुलींसाठी वेगळे महाविद्यालय हवेच कशाला, असा प्रश्न शहरातली मंडळी विचारतात. तत्त्व म्हणून तो प्रश्न योग्य आहे. परंतु तालुक्याला प्रवेशाच्या रांगेत उभा असलेला बाप म्हणतो, 'मुलींचंच कॉलेज हाय म्हणून धाडतोय, मॅडम,' तेव्हा तो आपल्याला तीन वर्षांची मुदत देत असतो. त्या बापाशी वाद घालण्यापेक्षा त्या मुदतीचे सोने करणे मला महत्त्वाचे वाटते. त्यात एक धोकाही आहे, तो लपवू नये: अशी महाविद्यालये मुलींना शिकवण्यापेक्षा सांभाळण्यात धन्यता मानू लागतात. मोबाइल तपासणे, ओढणीवरून बोलणे, दोन मिनिटे उशीर झाला म्हणून घरी फोन करणे, यालाच शिस्त म्हटले जाते. बापाला दिलेला शब्द पाळायला सुरक्षित आवार पुरते. पाळत लागत नाही.

ही मुदत कधी तीन वर्षांचीही नसते. उन्हाळ्यात लग्नसराई येते, चांगले स्थळ आले म्हणतात, आणि जूनमध्ये तृतीय वर्षाच्या वर्गात बाके मोकळी दिसतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून आपल्याकडे पदवीच्या प्रथम वर्षाला एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आली आहे. ही सोय कागदावर उदार आहे. पण मुलींच्या बाबतीत मला तिची धास्ती वाटते, कारण 'एक वर्ष झालं, प्रमाणपत्र मिळालं, आता पुरे' असे म्हणायला घरच्यांना आता सरकारी शिक्का मिळाला. त्याच धोरणात परत येण्याचाही दरवाजा आहे. मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे उत्तीर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या नोंदवहीतल्या तिच्या खात्यात सात वर्षांपर्यंत जमा राहतात आणि दुसऱ्या महाविद्यालयात ती चालतात, म्हणजे परभणीत शिकलेली मुलगी नांदेडच्या सासरी जाऊन पदवी पुरी करू शकते. बाहेर पडण्याची सोय प्रत्येक घराला आपोआप कळते, परतीची कुणीतरी सांगावी लागते.

महाविद्यालय सोडल्याचा दाखला न्यायला बहुधा वडील किंवा भाऊ येतो, मुलगी क्वचितच येते. माझी कार्यालयाला विनंती आहे की असा अर्ज आल्यावर तिच्या खात्याचा क्रमांक, तिने मिळवलेली क्रेडिट्स आणि ती वापरण्याची शेवटची तारीख एका कागदावर लिहावी, सासरच्या गावापासून जवळचे महाविद्यालय कोणते तेही शोधून त्यावर लिहावे, आणि दाखला वडिलांकडे दिला तरी तो कागद मुलीला बोलावून तिच्याच हाती द्यावा.