पुणे ३०

सदाशिव पेठेतला वाडा. अरुंद लाकडी जिना चढून गेलं की दारावर पाटी: 'तिकिटांस हात लावू नये. चिमटा मागून घ्यावा.' आत एका निवृत्त पोस्टमास्तरांनी दोन खोल्यांत मांडलेलं टपालाचं संग्रहालय. आम्ही शिरताच आजोबांनी आधी पंखा बंद केला. तिकिटं उडतात.

पहिल्या पानावर १८५२ सालचं 'सिंध डाक'. बार्टल फ्रिअर यांनी सिंध प्रांतात काढलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट. लाखेसारखं लाल नि इतकं ठिसूळ, की हाताळतानाच तुकडे पडायचे. इथे आहे तो अर्थात फोटो. "अस्सल असतं तर अजून हा जिना चढत बसलो असतो का?"

मग भिंग येतं. १९५६चे लोकमान्य टिळक, किंमत दोन आणे. शेजारी १९५८चे महर्षी कर्वे, पंधरा नये पैसे. दोन तिकिटांच्या मधल्या बोटभर जागेत, १९५७च्या एप्रिलात, आणे जाऊन दशमान नाणी आली. शंभरी गाठलेल्या अण्णांना तर स्वतःचं तिकीट डोळ्यांनी बघायला मिळालं.

आजोबांचा जीव मात्र पाकिटांत. कोऱ्या तिकिटाला ते 'न बोललेलं माणूस' म्हणतात. लहानपणी मी घरातल्या पत्रांची तिकिटं वाटीभर पाण्यात भिजवून सोडवली होती, हे सांगितल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. शिक्का गेला, पत्ता गेला, राहिलं काय?

पत्ताच बघा. जुन्या पाकिटावर नुसतं 'पुणे ३०'. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, शिवाय संस्कृत कवी. नव्या पाकिटावर ४११०३०. शेवटचे दोन आकडे पेठेचे पेठेलाच राहिले.

शेवटच्या कपाटात पोस्टकार्डं. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेली लग्नाची बरीच. त्यांत एक कार्ड कोपरा फाटलेलं.

अशुभ बातमीचं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची रीत. घरात ठेवत नसत. हे कसं राहिलं, ते आम्ही विचारलं नाही. आजोबांनीही या पानावर भिंग दिलं नाही. पान उलटलं, आणि पंखा लावला.